कागदावरची भेग

तुमच्या प्राचीन वास्तूंच्या कचेरीला डोळे नाहीत. असले तरी ते भिंतीवर पडत नाहीत, कागदावरच पडतात. एका चित्रावरून तुम्ही माझी खानावळ बंद करायला निघालात, म्हणून हे तोंडावर सांगते.

गुरांच्या बाजाराकडेची जुनी रोमन कमान, तिच्या पोटात माझी खानावळ. सासऱ्यांनी तिथे चूल मांडली, मी ती पेटती ठेवली. कमान अशी भक्कम की माथ्यावर म्हशी नाचवा.

शेजारचा बासीलिओ असल्या पडक्या वास्तूंची चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरतो, पत्रा तेजाबात बुडवतो, छापतो आणि इंग्रज प्रवाशांना विकतो. इंग्रजाला धडधाकट इमारत नको, पडायला टेकलेली लागते. म्हणून या गड्याने माझ्या कमानीला माथ्यापासून दारापर्यंत भेग पाडली, भेगेत अंजिराचं झाड उगवलं आणि खाली लंगडा भिकारी बसवला.

"मेल्या, माझ्या दारात भिकारी?"

"त्याच्याशिवाय चित्र उघडंबोडकं दिसतं, ओर्तेन्सियाबाई."

ते चित्र तुमच्या साहेबांनी पाहिलं आणि हुकूम सुटला: कमान कोसळणार, जागा रिकामी करा.

मी आरडाओरडा केला तेव्हा साहेब स्वतः आले. हातात चित्र.

"दाखवा भेग," मी म्हटलं.

साहेबांनी भिंत पाहिली, चित्र पाहिलं, पुन्हा भिंत पाहिली. "इथे नीट दिसत नाही. चित्रात स्पष्ट आहे."

"चित्रात अंजीरही आहे. दोन तोडून द्या."

"तोंड सांभाळ, बाई!"

मग त्याच कोसळणाऱ्या कमानीखाली बसून माझ्या हातची वजडी दोनदा मागून खाल्ली आणि गेले.

मी बासीलिओची मानगूट धरली. "बुजव ती भेग."

"अख्ख्या रोममध्ये एवढी देखणी भेग नाही हो!" तो रडकुंडीला आला.

"मग तुझ्या घराला पाड."

शेवटी त्याने पत्रा घासून भेग पुसली, झाड उपटलं. भिकारी मात्र हट्टाने ठेवला. नवं चित्र मी स्वतः तुमच्या कचेरीत नेऊन दिलं. वाटलं, मिटलं एकदाचं.

काल तुमचा दुसरा हुकूम आला. पहिल्या चित्रात भेग आहे, दुसऱ्यात नाही. त्या अर्थी ओर्तेन्सिया खानावळवालीने प्राचीन वास्तूची विनापरवाना दुरुस्ती केली, वर झाडही तोडलं. शिक्षा? जागा रिकामी करा!

बासीलिओ म्हणतो, "भेग परत कोरू का?" त्याच्या पाठीत मी पळी घातली.

मी हलणार नाही. चुलीवर भांडं आहे, बाकावर गिऱ्हाईक आहे. चित्र घरी ठेवून या, भिंतीवरून हात फिरवा आणि मला सांगा: जी भेग कधी नव्हतीच, ती मी बुजवली कशाने? चुन्याने, की वजडीने? लेखी उत्तर द्या.