टांकसाळीने न पाडलेलं साल

नाणी जमवणाऱ्यांच्या आमच्या मंडळात मला तोंडावर ताई म्हणतात आणि पाठीमागे भिंग. मला वाईट वाटत नाही. तीस वर्षं लोकांची नाणी तपासल्यावर दुसरं काय म्हणणार?

टांकसाळीने जे साल कधी पाडलंच नाही, ते साल घालून काही हौशी कारागीर नाणी बनवतात. खरं जुनं नाणं घ्यायचं, त्यावर आपला ठसा मारायचा, झालं. मंडळात त्यावरून दोन तट पडलेत. आमचे एक जुने सभासद घड्याळजी म्हणतात, ही कला आहे. मी म्हणते, बनवणारा आहे तोवर कला. तो गेला की लबाडी. म्हणून मीच ठराव मांडला होता: अशा प्रत्येक नाण्यावर ‘नक्कल’ असा छाप मारायचा, नाहीतर ते मंडळात आणायचं नाही. आज मतदान होतं.

आणि नेमका काल दादा आला, बाबांच्या हत्यारांची पेटी घेऊन.

बाबा हयात असताना पदकांचे ठसे कोरायचे. घरी त्यांनी एक लाकडी फळी केली होती, तिच्यात प्रत्येक मुलाच्या जन्मसालाचं नाणं बसवलेलं. दादाचं होतं, बहिणीचं, माईचं होतं. माझ्या वर्षी टांकसाळ बंद होती, त्यामुळे माझ्या नावाखाली नुसतं गोल भोक. “हिला उकिरड्यावरून उचलून आणलंय,” असं दादा चिडवायचा. मी हसायचे, आणि कोणी नसलं की त्या भोकात बोट घालून बसायचे.

पेटीच्या तळाशी, फडक्यात गुंडाळलेलं, माझ्या सालाचं नाणं होतं. पन्नाशी उलटलेली बाई मी, दादासमोर ढसाढसा रडले.

“मला का नाही दिलं?”

“तुझ्या निकालाच्या दिवशी देणार होते. खिशात घेऊनच जेवायला बसले होते.”

“मग?”

“मग तू बोललीस.”

मला आठवलं. सतरा वर्षांची होते, मंडळात नुकती जायला लागले होते, अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले होते. खोट्या सालाची नाणी करणारे सगळे लबाड, असं मी त्या जेवणात ऐकवलं होतं. लाज असेल तर निदान नक्कल असं लिहावं तरी! बाबा “बरोबर आहे” म्हणाले आणि त्यांनी पाणी मागितलं.

आज सभेत घड्याळजी उठले. “ताई, एखाद्याने जीव ओतून केलेल्या वस्तूवर तुम्ही शिक्का मारणार?”

मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. नाणं पर्समध्ये होतं, कुणाला पत्ता नव्हता. पण दुसऱ्यांची नाणी बाहेर काढायला लावायची आणि आपलं झाकून ठेवायचं, हे मला जमेना. मी ते टेबलावर ठेवलं.

“हे माझ्या वडिलांनी केलंय. पहिला छाप यावर. तुम्हीच मारा, माझा हात धजत नाही.”

घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं. नाणं उलटसुलट पाहिलं, मग चिमटीत धरून कड फिरवत राहिले.

“छाप मारायची गरज नाही, ताई,” ते हळूच म्हणाले. “मारलेला आहे.”

कडेवर, नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही इतक्या बारीक अक्षरांत, बाबांच्या हातचं कोरीव काम: नक्कल. कालपासून मी नुसतं सालच बघत बसले होते. दुसऱ्याच्या नाण्याची कड मी सगळ्यात आधी बघते.

म्हणजे त्या जेवणानंतर ते पुन्हा कामाला बसले होते. माझं म्हणणं त्यांनी मान्य केलं होतं, मी सांगितलं तसं लिहिलं होतं, आणि तरीही ते माझ्यापुढे धरायचा त्यांना धीर झाला नव्हता. स्वतःच्या पोरीला ते घाबरले. त्यानंतर बावीस वर्षं आम्ही एकाच टेबलावर जेवलो.

ठराव एकमताने मंजूर झाला. घड्याळजींनीही हात वर केला. लोक माझं अभिनंदन करत होते आणि मला बाबा हवे होते. समोर बसलेले, खिशातून मूठ बाहेर काढणारे. त्यांनी ती माझ्यापुढे उघडली असती, तर सतराव्या वर्षी मी ते नाणं घेतलं असतं का, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.