उजव्या हाताची लाट

रत्नागिरीच्या बाजारात दीपालीचं भांड्यांवर नक्षी कोरायचं दुकान होतं. नक्षी म्हणायची एवढंच. वर्षभर ती चांदीच्या ताटवाट्यांवर लोकांची नावं कोरायची. म्हणून जयगडच्या झुबेदाखाला आपल्या आईचं चांदीचं ताट आणि एक जपानी चित्र घेऊन आल्या, तेव्हा ती हरखून गेली. लाकडी ठशाने छापलेलं जुन्या धाटणीचं चित्र होतं. नखं उगारल्यासारखी लाट आणि तिच्या पोटाशी एक होडी. खालांचे यजमान हाशिमचाचा जहाजावर होते, बावीस वर्षं हे चित्र त्यांच्या केबिनमध्ये होतं. आता ते कायमचे घरी आले होते. त्यांच्या नकळत खालांनी ते पेटीतून काढून आणलं होतं. हीच लाट ताटावर कोरून हवी होती.

“लाटेखाली नाव कुणाचं घालणार?” भाऊ संदेशने चिडवलं.

नऊ दिवस दीपाली ताटावर वाकून बसली. फेसाचा थेंब न् थेंब तिने बारीक कलमाने उठवला. दहाव्या दिवशी तिने चित्र शेजारी ठेवून बघितलं. चित्रात लाट डावीकडून येत होती, ताटात उजवीकडून.

नावं ती थेट ताटावर लिहायची. चित्र कागदावर उतरवून घ्यायची ही पहिलीच वेळ. पेन्सिलीने गिरवलेली बाजू ताटावर पालथी घालून तिने कागद घासला होता, त्यामुळे चित्र उलटं उमटलं. अक्षर असतं तर उलटं झालेलं तिथल्या तिथे कळलं असतं. लाट कशीही लाटच दिसते. चांदीवरची रेघ काही पुसता येत नाही, आणि ताट खालांच्या आईचं.

संदेश म्हणाला, गप्प राहा, कोण बघतंय. तिला ते जमेना. जयगडला जाऊन तिने पडवीत ताट आणि चित्र चाचांसमोर ठेवलं आणि चूक आपणहून सांगून टाकली. खाला ताटाच्या काठावरून बोट फिरवत राहिल्या.

चाचांनी चष्मा लावला. चित्र बघितलं, ताट बघितलं. मग मान वळवून पडवीच्या उजवीकडे बघत बसले. तिकडे माडांपलीकडे समुद्र होता.

“केबिनमध्ये बावीस वर्षं या चित्रातला समुद्र डाव्या हाताला होता,” ते म्हणाले. “इथे बसलो की उजव्या हाताला असतो. पोरी, तू तो घरी आणून ठेवलास.”

खालांनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच म्हणाल्या की ताट भिंतीवर टांगायला दिलेलं नाही, त्यात जेवायचं आहे. त्यांनी गरम घावन आणून वाढलं, तेही लाटेवर, होडी मोकळी ठेवून. दीपालीलाही बळेच बसवलं. मग त्या नारळाचा गोड रस ओतू लागल्या, तसा चाचांनी घाईघाईने होडीपुढे हात आडवा धरला.

“हळू ओत गो. माणसं आहेत आत.”