तळाच्या पाण्याचं वय

"हे तं ज्वारीच्या कण्या दिसून राह्यल्या वं," सूक्ष्मदर्शकाला डोळे लावत शेषराव म्हणाले.

"कण्या नाही बाबा. घरं हायेत ते. ज्याची त्यानं बांधलेली."

"कोनाची?"

"समुद्रातल्या बारीक जीवांची. जीव मेला का घर तळाले जाते अन् गाळात दबते."

शेषराव पुन्हा वाकले. सुजलेल्या पापण्यांमुळे त्यांना नीट दिसत नव्हतं, पण खुर्ची सोडवेना. लेक समुद्रकाठच्या संस्थेत नोकरीला लागून इतकी वर्षं झाली आणि ती नेमकं काय करते हे ते आज पहिल्यांदा जवळून पाहत होते. गावात कुणी विचारलं की ते "सायंटिस्ट हाये" एवढंच सांगत. शरयू सायंटिस्ट नव्हती. अरबी समुद्राच्या तळातून काढलेला गाळ धुऊन, चाळून, वाळवून डब्यांत भरलेला तिच्याकडे यायचा आणि ओल्या ब्रशच्या टोकानं त्यातली हवी ती कवचं वेचून ठेवणं हे तिचं काम. कंत्राटी. त्यातच तिशी सरली आणि लग्न राहिलं ते राहिलंच.

दिवाळीत वडिलांच्या किडन्या गेल्याचं कळलं. तिनं सुट्टी मागितली, तेव्हा संस्थेतले चंद्रशेखर सर म्हणाले, "सुट्टी कशाला? सूक्ष्मदर्शक घेऊन जा. गाळाला काय, तो तुझ्या संग्रामपूरला वेचला काय नि इथं वेचला काय."

तेव्हापासून खिडकीशी टेबल मांडून ती बसायची. खिडकीतून जुनी बोअर दिसे. त्या पाण्यात साबणाला फेस येत नसे, डाळ शिजत नसे. पण नळ येईपर्यंत अख्ख्या गल्लीनं तेच प्यायलं होतं. शरयूनंही. आता गल्लीत कुणाचे पाय सुजले की माणसं विचारत नसत, नजर दुसरीकडे वळवत. अधूनमधून सरकारी गाडी यायची, बाटल्यांत पाणी भरून न्यायची. शेषराव आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जीपनं मलकापूरला जात. त्या जीपमध्ये गावातलीच आणखी माणसं असत. मागच्या महिन्यापासून तीत टेकायलाही जागा उरली नव्हती.

"अन् दोन डब्या कायले?" शेषरावांनी विचारलं.

"हे एक वरच्या उजेडातल्या पाण्यात राहे, हे दुसरं तळाशी. दोघं एकाच वक्ताले मेले, एकाच थरात सापडले. पण वय काढलं तं तळातलं म्हातारं निघते."

"काऊन?"

"पाण्याले वरूनच हवा लागते. मंग ते गार होऊन खाली जाते अन् तळातळानं हजारो कोस चालत राह्यते. जितके दिवस त्यानं वरचं तोंड पाह्यलं नाही, तितकं ते म्हातारं. त्यात बांधलेलं घरबी म्हातारं भरते."

शेषरावांनी दुसरी डबी उजेडाला धरली. "पान्याले वय," ते म्हणाले. "हे मले कोनी सांगतलंच नोतं."

त्याच आठवड्यात ती खालच्या थरांच्या डब्यांपाशी आली. झाकण काढून थाळीत पसरलेलं पाहिलं आणि तिचा ब्रश थांबला. मोकळ्या, खेळत्या पाण्यात वाढणारी चपटी पांढरी कवचं इथं नव्हतीच. त्यांच्या जागी लांबोडकी, कोंदट पाण्यात तग धरणारी जात खच्चून भरली होती. पुढच्या डबीत तेच. त्याच्या पुढच्या डबीतही तेच.

दुपारी सरांचा फोन आला. याच थरांतली थोडी कवचं संस्थेतून आधीच तपासायला गेली होती, त्यांची वयं आली होती.

"शरयू, तुझ्याकडच्या खालच्या थरात तळाचं वय एकदम दुपटीवर गेलंय. तळातलं वाहणं जवळजवळ बंद पडलं होतं तेव्हा. आणि हे व्हायला किती वेळ लागला? गाळात दोन बोटांचं अंतर, म्हणजे समुद्राच्या हिशेबानं क्षणभर, बस." सरांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "मला भीती दुसऱ्याच गोष्टीची वाटते. त्याच थरातली वरच्या पाण्यातली कवचं बघ. धडधाकट आहेत. तळ बंद पडला, तरी वर कुणाला पत्ताच नव्हता."

फोन ठेवून ती वळली तर शेषराव दारात उभे.

"बंद पडलेलं पानी पुन्हा चाललं का?"

"चाललं."

"कितीक दिसानं?"

"लई वर्षं लागली बाबा. हजारानं मोजाची."

शेषराव हसले. "समुद्राले परवडते मंग. मानसाले नाही परवडत."

किडनी देण्याचं शरयूच्या आईनं, विमलबाईंनी, परस्पर ठरवून टाकलं होतं. "मले काय झालं? मी ठणठणीत हावो," असं म्हणत त्या एका डायलिसिसच्या दिवशी जीपमध्ये नवऱ्याशेजारी दाटीनं बसल्या; शरयूही सोबत होती. नागपूरला पाठवण्याआधी मलकापूरलाच साध्या तपासण्या करायच्या होत्या. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला.

"बाई, तुम्हाला त्रास कधीपासून आहे?"

"मले काईच त्रास नाही."

डॉक्टरांनी कागद शरयूकडे सरकवला. आकडे समजायला तिला वेळ लागला नाही. विमलबाई मात्र विचारत राहिल्या, "मंग किडनी कवा द्याची? पेरनीच्या आंदी का मंग?"

घरी आल्यावर शरयू म्हणाली, "बाबा, पुढच्या खेपेले मी तपासते."

"तू नाही."

"काऊन?"

"नाही म्हनलं ना! तुह्या अंगाले सुई लागू देनार नाही मी."

"जुळली तं तुमी वाचसान."

"वाचाचं कोनाले नको वाटते वं?" शेषरावांचा आवाज चढला आणि तिथंच फाटला. ते खाटेवर बसले. "मले तुहा कागद पाहाचा नाही. तुह्या मायचा पाह्यला, बस झालं."

शरयू टेबलाशी जाऊन बसली, पण त्या दिवशी तिनं एकही कवच उचललं नाही.

पुढच्या खेपेला शेषराव डायलिसिसच्या खोलीत गेल्यावर ती रक्त घेण्याच्या खिडकीशी गेली. आतल्या माणसानं नाव विचारलं, वय विचारलं.

"गाव?"

तिनं सांगितलं. त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि ट्रेमधून आणखी एक नळी काढून ठेवली.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मोबाइलवर आला. तिनं तो अंगणात उभ्यानं वाचला. आईच्याइतका वाईट नव्हता. चांगलाही नव्हता. खाली डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'सुरुवात आहे. लवकर येऊन भेटा.' तिनं स्वतःच्या पायांकडे पाहिलं. घोटे नेहमीसारखेच होते. सकाळी ती दोन हंडे उचलून आली होती आणि तिला दमही लागला नव्हता.

"तपासलं ना तू?" ओट्यावरून शेषराव म्हणाले. "मोबाइल पाहून राह्यली तवाच समजलं मले. काय निघालं?"

आयुष्यभर तिनं गाळात जे निघालं तेच लिहिलं होतं. एक कवच कमी नाही की जास्त नाही. ती वडिलांसमोर येऊन उभी राहिली.

"किडन्या चांगल्या हायेत बाबा. पण जुळत नाहीत. तुमाले नाही देता येत."

शेषराव तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांचा सुजलेला चेहरा असा उलगडत गेला, जसा दिवाळीपासून तिनं पाहिला नव्हता.

"चांगल्या हायेत ना? बस! मंग नाही जुळत तं नाही जुळत!" ते उठले, भिंत धरत आत गेले. "विमल, ऐकलं का? पोरीच्या किडन्या चांगल्या हायेत!" मग त्यांनी मलकापूरच्या मेव्हण्याला फोन लावला आणि तेच पुन्हा मोठ्यानं सांगितलं. फोन ठेवल्यावर म्हणाले, "आज मले भूक लागली."

दिवस मावळायच्या आतच तिघं जेवायला बसली. दवाखान्यानं दोघांचं मीठ तोडलं होतं, म्हणून विमलबाई आता वरण दोन पातेल्यांत करत. लहानात स्वतःचं नि नवऱ्याचं अळणी, मोठ्यात शरयूचं. शेषराव बोलत होते. शरयूनं पुढच्या वर्षी पक्की नोकरी कशी मागावी, मोठ्या साहेबाशी कसं बोलावं, असं खूप काही. विमलबाईंनी मोठ्या पातेल्यात पळी घातली.

शरयूनं आपलं ताट हळूच लहान पातेल्याकडे सरकवलं.

विमलबाईंची पळी वरच्या वर थांबली. त्यांनी लेकीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. शेषराव भाकरी कुस्करत अजून हसत होते. विमलबाईंनी पळीतलं वरण मोठ्या पातेल्यात परत ओतलं, त्यावर झाकण ठेवलं, आणि लहान पातेल्यातलं, तिघांना पुरेल असं बेतानं, लेकीच्या ताटात वाढलं.