एकशेचारचा पडदा

कागलच्या एमआयडीसीच्या नावातच पंचतारांकित हाय. तिच्या वाटंवर माझ्या शाळेपासनंच्या दोस्तानं, चन्नाप्पानं, बारा खोल्यांचं हॉटेल बांधलं, तवा मी म्हटलं, "चन्न्या, तुला तारा लावायची गरज न्हाय. शेजारच्यानी लावल्यात की." तो हसला न्हाय. चन्नाप्पा हसतच न्हाय. लग्नाच्या अल्बममधी बी असा बसलाय, की भिंतीवर टांगून फक्त हार घालायचा बाकी हाय.

हॉटेलचे पडदे माझ्याच दुकानातले. मी आकाराम, राजारामपुरीत पडदे विकतो आणि रिकाम्या येळात लोकांच्या खोड्या काढतो. येळ बराच रिकामा असतोय.

वर्ष झालं तरी हॉटेलात गिऱ्हाईक फिरकंना. चन्नाप्पाची पोरगी प्रेरणा पुण्यातली चांगली नोकरी सोडून हेच चालवायला आलती. शेवटी चन्नाप्पानं सांगून टाकलं, "दसऱ्यापतोर खोल्या भरल्या तर हॉटेल तुझं. न्हायतर इमारत होस्टेलला देतो. एक ॲकॅडमीवाला मागं लागलाय." दसरा दीड महिन्यावर हुता.

प्रेरणानं मला मोबाईलवर बुकिंगच्या साईटवरचे हॉटेलचे फोटो दाखवले. पांढरी चादर, बंद टीव्ही, रिकामी खुर्ची.

"काका, कसं वाटतंय?"

"बाळ, पेशंटला नुकतंच घरी सोडल्यागत वाटतंय."

"तेच की! फोटोत माणसं पाहिजेत. चहा पिणारी, लोळणारी, हसणारी. बघणाऱ्याला वाटाय पाहिजे, आपण बी हितं जाऊन लोळावं."

तिनं पुण्यासनं राजवीर म्हणून एक फोटोवाला बोलवला. मॉडेल परवडंनात, म्हणून घरचीच माणसं घ्यायचं ठरलं. झालं! चन्नाप्पाच्या बायकोच्या, दानम्मा वहिनींच्या माहेरची, गडहिंग्लजची अख्खी जीप भरून मंडळी आली. बाप्ये फेटं बांधून, बाया इरकल नेसून, अंगावर असलं नसलं सगळं सोनं.

"अंकल, अगदी नॅचरल बसा," राजवीर म्हणाला. "मी इथं नाहीच असं समजा."

सगळ्यांनी हात गुडघ्यावर ठेवले आणि श्वास कोंडला. वीरेशमामानं चहाचा कप कुस्तीत ढाल जिंकल्यागत छातीशी धरला. मधी आमचा चन्नाप्पा, त्याच अल्बममधल्या चेहऱ्यानं.

तासाभरानं राजवीर मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, याला लाईफस्टाईल शूट म्हणतात. इथं तर पासपोर्टचे फोटो निघतायत."

प्रेरणा काउंटरमागं जाऊन उगंच किल्ल्या लावल्यागत करत हुती. खाली मान घातलेली, पण नाक ओढलेलं मला ऐकू आलं. या पोरीला मी खांद्यावर बसवून जत्रेत फिरवलेलं. मग शाळेपासनं मला जे चांगलं जमतंय, तेच मी केलं. खोटं बोललो.

"मंडळी! कॅमेऱ्याची बॅटरी मेली! नवी याय दोन तास लागतील. तवर जेवून घ्या!"

फेटं उतरलं. वीरेशमामानं पट्टा दोन भोकं सैल केला आणि होळगी, म्हंजी आपली पुरणपोळी, दुधात बुडवली. वहिनींच्या बहिणी गॅलरीत पाय पसरून निम्मं कानडी निम्मं मराठीत कुणाच्यातरी सासूची नक्कल करत डोळ्यात पाणी येस्तोवर हसाय लागल्या. मी राजवीरच्या खांद्यावर टॉवेल टाकला, हातात ताट दिलं, ताटात कॅमेरा ठेवून वर फडकं टाकलं. "जा मर्दा. वाढप्याच्या तोंडाकडं कोण बघत न्हाय."

कुणी बघितलं बी न्हाय. एका मावशीनं तर त्याच्याकडं तूप मागितलं.

जेवणं झाल्यावर वहिनी एकशेचार नंबरच्या खोलीत चादर बदलाय गेल्या. वर्षभर बाराच्या बारा खोल्यांतल्या गाद्या त्यांनीच घातल्या हुत्या, पण एकीवर बी कधी टेकल्या नव्हत्या. त्या दिवशी पोटात होळगी. जरा बसल्या, मग आडव्या झाल्या, आणि लागला की डोळा.

त्यांना शोधत चन्नाप्पा आला. "दान..." म्हणाला आणि दारातच थांबला. खिडकीतनं ऊन सरळ वहिनींच्या तोंडावर येत हुतं. त्यानं पडदा ओढला. पडदा परत मागं आला, कारण हूक तुटलेला. तो हूक मीच बसवलेला, आणि त्यासाठी चन्नाप्पानं मला चार फोन केलते. त्यानं पुन्हा पडदा ओढला आणि तसाच हातानं धरून उभा राहिला. एकदा हात बदलला. बायकोकडं बघत हुता, आणि एका बाजूनं ओठ जरा वर गेलता. चाळीस वर्षांच्या दोस्तीत मी ते पहिल्यांदा बघितलं.

पॅसेजमधी राजवीर फोटो काढत हुता. मी त्याच्याच खांद्यावरचा टॉवेल घेऊन, आवाज फुटू नये म्हणून तोंडात कोंबून उभा.

संध्याकाळी प्रेरणानं मोठ्या टीव्हीवर सगळे फोटो लावले. आधी सगळ्यांनी मला शिव्या घातल्या, मग सगळी स्वतःलाच बघून हसली. शेवटी पडदा धरलेला तो फोटो आला.

चन्नाप्पा उठला. "हा न्हाय. झोपलेली बायको गावाला दाखवू व्हय? हॉटेल गेलं तरी चालंल."

"बरं, अप्पा," प्रेरणा म्हणाली आणि लॅपटॉप मिटाय लागली.

"थांब गं," वहिनी उठून टीव्हीजवळ गेल्या. "अहो, किती येळ धरला हुता?"

"धरला असंल थोडा येळ."

"बावीस मिनिटं," मी म्हटलं.

"आक्या, तू गप बस!"

वहिनी फोटोकडं बघतच हुत्या. "आमची अव्वा म्हणायची, जावई दगड हाय म्हणून." मग पदरानं तोंड पुसलं. "माझा फोटो हाय न्हवं? मग मी सांगते. प्रेरणा, हाच लाव. सगळ्यात पहिला."

चन्नाप्पा खाली बसला.

चौथ्या दिवशी नाशिकच्या एका बाईंचा फोन आला. प्रेरणानं फोनवर हात ठेवून आईला विचारलं, "अव्वा, काकू झोपल्यात तीच खोली पाहिजे म्हणतायत."

"बाकीच्या अकरा हायत म्हणावं," वहिनी म्हणाल्या. "ती दुपारची माझी हाय."

दसऱ्याला अकराच्या अकरा भरल्या हुत्या. ॲकॅडमीवाल्याला चन्नाप्पानं स्वतः फोन करून न्हाय म्हणून सांगितलं. लगेच दुसरा फोन मला.

"आक्या, भाड्या, हूक कवा बसवणार?"

"उद्या येतो की."

पिशवीत हूक टाकून निघालोच हुतो, तवर वहिनींचा फोन आला. हळूच बोलत हुत्या.

"भावजी, हुकाची गडबड न्हाय बरं का."