तोंड सांभाळून

ग्रामसभा म्हटली की एक तरी भांडखोर असतोच, हे आपण सगळे जाणतो. पोलादपूर तालुक्यात, कापड्याच्या वरच्या अंगाला डोंगरात असलेल्या एका गावात हा मान काशीरामकडे होता. सत्तरीचा, वरच्या वाडीत राहणारा. "मी तुला मत दिलेलं नाय," अशीच त्याची सुरुवात व्हायची. सरपंच सुनीलने गटाराचं सिमेंट खाल्लं, नळाला मुद्दाम घाण पाणी सोडलं, असे त्याचे आरोप. दहातले नऊ खोटे निघत. सुनील तसा सरळ माणूस. दोन वर्षं त्याने हे ऐकून घेतलं.

एक मेच्या ग्रामसभेत काशीराम पुन्हा उभा राहिला.

"खुर्चीत बसून फुगलास रे! आमच्या घरांच्या वर डोंगराला भेग गेलीय, कोपरापर्यंत हात जातो आत. तू बघायला येशील कशाला? तुझी आय तिथं राहात नाय!"

आईचं नाव निघालं आणि सुनीलचा तोल गेला. आई जाऊन त्याला वर्षही झालं नव्हतं.

"उन्हाळ्यात भुईला भेगा पडतातच! काय होत नाय. याला बाहेर काढा! तोंड सांभाळून बोलायला शीक, मग ये."

दोघांनी म्हाताऱ्याला दंडाला धरून बाहेर नेलं. लोक हसले. एकाने टाळीही वाजवली.

सभा संपल्यावर सदस्य हफिजाताई मागे थांबल्या. निवडून येण्याआधी बावीस वर्षं त्या अंगणवाडी सेविका होत्या.

"सुनीलभाऊ, हे बरं नाय झालं."

"मी काय शिव्या खायला निवडून आलोय, ताई?"

"शिव्या खायला नाय, ऐकायला आलाय. शिवी सोडा, भेग ऐका. आपल्याकडचे डोंगर तुम्हाला मी सांगायला पाहिजेत?"

"मग मला मान नको? माझ्या आईला बोलला तो."

"बोलला, चुकलाच. पण तुमच्याकडं शिक्का हाय, गाडी हाय, तहसीलदाराचा नंबर हाय. त्याच्याकडं नुसतं तोंड. अंगणवाडीत बोंबलणाऱ्या पोराची मला कधी भीती वाटली नाय. गप बसलेल्या पोराला मी आधी हात लावून बघायची, ताप हाय काय म्हणून."

"आधी त्यानं माफी मागावी," सुनील म्हणाला. "मग येतो भेग बघायला."

काशीराम आलाच नाही. मे गेला, जून गेला. ऑफिसात शांतता होती आणि खरं सांगायचं तर सुनीलला ती आवडू लागली होती. हफिजाताईंनी तहसीलला एक अर्ज दिला. सरपंचाची सही नाही म्हणून तो परत आला. सुनील म्हणाला, "बघू."

जुलैत चार दिवस पाऊस थांबला नाही. पाचव्या दिवशी दुपारी वरच्या वाडीवर दरड आली. दोन घरं गेली. एक कुशाबाचं. तो आणि त्याची बायको नीला जेवायला बसले होते. दुसरं घर काशीरामचं. ते रिकामं होतं!

काशीराम आणि त्याची बायको सोनाबाई आठ दिवसांपूर्वीच तुडीलला लेकीकडे निघून गेले होते. तिसऱ्या दिवशी कुशाबा आणि नीलाचे देह मिळाले. अंत्यविधी उरकून सुनील तडक तुडीलला गेला.

"काका, मला का नाय सांगितलंत?"

काशीराम उठून उभा राहिला. दोन वर्षांत पहिल्यांदाच तो सुनीलसमोर असा अदबीने उभा होता.

"सांगितलं होतं, साहेब."

मग तोच पुढे म्हणाला,

"कुशाबालापण सांगितलं, चल आमच्यासंगं. तो म्हणला, सरपंच भर सभेत बोललाय, काय होत नाय. तुमच्या शब्दावर राहिला बिचारा."

सुनीलने त्याचे पाय धरले. "चुकलो काका! मला शिव्या द्या, मारा, पण साहेब म्हणू नका!"

"नाय साहेब. तुम्ही मोठी माणसं. सोनाबाई, साहेबांना चा टाक."

चहा आला. तो तसाच ठेवून सुनील उठला.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत सुनील खुर्चीवर बसला नाही. उभा राहून, हात जोडून म्हणाला, "ज्याला जसं बोलायचं तसं बोला. मी ऐकीन. कुणाला बाहेर काढणार नाय."

कुणी उठलं नाही. त्याने पुन्हा विचारलं. मागून एकजण हळूच म्हणाला, "आमची काय तक्रार नाय, साहेब." हफिजाताई खाली मान घालून बसल्या होत्या. सभा दहा मिनिटांत आटोपली.

नागरिकहो, लोकांनी सभ्य बोलावं हे खरं. पण ज्याच्या हाती सत्ता दिली, त्याला सभ्यतेची पहिली अट लोकांना घालता येत नाही. ती त्याने स्वतः पाळायची, समोरचा कसाही बोलो. जो माणूस आपल्यावर ओरडतो, त्याला अजून आपल्याकडून काहीतरी हवं असतं. ती आशा मेली, की तो साहेब म्हणायला लागतो. सुनीलला हे कळलं. वरच्या वाडीला त्याचा आता काही उपयोग नाही.