दंडावर बांधलेली देवी

पोचम्मा देवीच्या देवळापुढे इतका दाट समुदाय लोटला होता की नारळ फोडण्यासही जागा उरली नव्हती. माझी नऊ वर्षांची भाची मौनिका पाटावर बसविलेली होती. मल्लय्यास्वामीने तिच्या दंडावर हळदीचा दोरा करकचून आवळला.

"अम्मा अंगावर निघाली आहे," तो घुमला. "पापी माणसांनो, मागं सरा, तिला वास येतो."

अल्पावधीत तिच्या हातावर तांबडे ठिपके उमटले. बायाबापड्यांनी लोटांगणे घातली.

"हिच्या गोळ्या बंद करा," स्वामीने माझ्या थोरल्या बहिणीस, यादम्मा अक्कास, बजावले. "तोंड कसं सुजवलंय बघा डॉक्टरांनी."

तोंड सुजले होते, हे सत्य होते. मौनिकाच्या रक्तातील, रक्त गोठविणाऱ्या पेशी फार घटल्या होत्या आणि कित्येक महिने दिलेल्या स्टेरॉइडने तोंड तेवढे सुजले, गुण आला नव्हता. भोळ्या अक्काने गोळ्या थांबविल्या. थोड्याच दिवसांत पोरीच्या नाकातून रक्ताची धार लागली, ती काही केल्या थांबेना. तिला उचलून वरंगलच्या इस्पितळात धावताना मी शपथ वाहिली की या स्वामीस सोडावयाचे नाही.

पोरगी वाचली. डॉक्टर सुहासिनींनी रक्तदाब मोजण्यास पट्टा आवळला, तेव्हा तेच ठिपके उमटले.

"यादम्मा, या पट्ट्यात कोणती देवी आली?" त्यांनी विचारले. "पेशी कमी असल्या की दाबानं बारीक नसांतून रक्त झिरपतं. स्वामीनं तुम्हाला आजारच दाखवला."

मग त्यांनी दोन औषधे जोडीने योजिली: एक नव्या पेशी घडविण्यास चालना देणारे, दुसरे त्यांचा संहार करणाऱ्या शरीराच्याच प्रतिकारशक्तीस आवरणारे. सर्वच मुलांना गुण येतो असे नाही, हेही सांगितले. मौनिकास आला.

देवीला नैवेद्य वाहण्याच्या बोनालू उत्सवात मी तिला मुद्दाम देवळापुढे नेले. स्वामीने हर्षाने दोरा आवळला. हात स्वच्छ. त्याने आणखी आवळला.

"मामा, बधिर होतोय हात. सोडायला सांग याला."

"अम्मा रुसली," स्वामी पुटपुटला.

"रुसली नाही, पोर बरी झाली," अक्का म्हणाली आणि तिने दोरा कापला.

मी लोकांना दोऱ्याने ठिपके कसे उमटत ते सर्व उलगडून सांगितले. म्हाताऱ्या नागम्माने विचारले, "मग मी कुणापुढं लोळले रे?"

"आजारी पोरीपुढं, अव्वा."

स्वामी निसटू लागला. बायांनीच वाट अडविली. मी आधीच कळविलेले पोलीस आले तेव्हा तो माझ्या पाया पडला. "अन्ना, मला लेकरंबाळं आहेत."

"तीही लेकरूच होती," मी म्हणालो.

वाचकहो, मार न लागता लेकराच्या अंगावर डाग उठले, तर त्याचे रक्त तपासून घ्यावे. एक औषध हरले, तर डॉक्टरांस दुसरा उपाय विचारावा. आपल्या मनाने औषध थांबवू नये. आणि त्या स्वामीस क्षमा करण्याचा उपदेश मला कोणी करू नये.