साखर किती?

तीस वर्षांच्या स्वमग्न अभयला चार दिवस विश्वासाने कुठे ठेवता आले, तरच त्याच्या आईला, चंपाबाईंना, लासूरला भाचीच्या लग्नाला जाता येणार होते. म्हणून त्याचे वडील सर्जेराव दोघांना सोबत घेऊन बजाजनगरचे सांभाळ केंद्र तपासत होते. कड्या, नळ, औषधांचे कपाट, सारे ठाकठीक. तरी जीव थाऱ्यावर नव्हता.

"चहात साखर किती?" सेविका सरिताने विचारले.

"अर्धा चमचा," सर्जेराव म्हणाले.

"काका, मी अभयदादांना विचारलं."

सर्जेराव चपापले. हे अभयला त्यांनीही कधी विचारले नव्हते.

भिंतीकडे बराच वेळ पाहून अभय म्हणाला, "तीन."

"अगं बाई! इतकी वर्षं अर्ध्यावर काढलीस व्हय रे?" चंपाबाई हसत सुटल्या.

"शुक्रवारी आणून सोडतो," सर्जेराव सरिताला म्हणाले. "बाकीच्या आवडीनिवडी त्यालाच विचारा. आम्हांला त्या ठाऊक आहेत, असं आता छातीठोकपणे सांगवत नाही."